चौदा वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी: नवे सेल भरावेत की नाद सोडावा?

जुनं_ते_माझं | १४ जून, रात्री १०:४२

मंडळी, नमस्कार.

घरात २०११ सालचा एक लॅपटॉप आहे. काळा ठोकळा, कळफलकाच्या मधोमध लाल बिंदू, ओळखणारे ओळखतील. वडिलांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं गेलं, हा माळ्यावर होता म्हणून वाचला. पुढे मी त्यात रॅम वाढवली, एसएसडी बसवली, लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. आता तो माझ्या ऑफिसच्या नव्या यंत्रापेक्षा कमी कुरकुरतो.

दुखणं एकच, बॅटरी. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की वीज डोळा मारल्यासारखी जाते-येते. दोन सेकंदच जाते, पण तेवढ्यात लॅपटॉप धाडकन बंद. बॅटरीची माहिती काढली तर मूळ क्षमता ५७ वॉट-अवर, सध्याची पूर्ण क्षमता ६.८, चार्ज सायकल ६११. आणि गंमत म्हणजे ६२ टक्के दिसत असताना अचानक काळोख होतो.

दोन वर्षांपूर्वी 'कंपॅटिबल' म्हणून एक ऑनलाइन मागवली होती. सात महिन्यांत गेली, भंगारात दिली. मूळची टाकवली नव्हती, तीच परत लावली आहे. आता दोन प्रश्न. एक, फ्रीझरमध्ये ठेवून बॅटरी जिवंत होते असं ऐकतो, खरं का? दोन, आतले सेल बदलून कोणी वापरलंय का? सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, बायकोचा विरोधही आहे.

---

फुकटचा_सल्ला | १४ जून, रात्री ११:०५

फ्रीझरचा उपाय माझ्या कॉर्डलेस फोनला लागू पडला होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवायची. करून बघा, जाणार काय?

---

ओहम_शांती | १५ जून, सकाळी ०७:१०

फ्रीझरवाल्यांना आधी कोपऱ्यात बसवू.

फुकटचा_सल्ला, तुमच्या कॉर्डलेस फोनमध्ये निकेलचे सेल असणार. 'मेमरी', 'पूर्ण उतरवून मगच चार्ज करा' हे सगळं पुराण निकेल-कॅडमियमच्या काळातलं. लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन असतं (सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलं ते) आणि त्याचं म्हातारपण वेगळं. आतलं फिरतं लिथियम हळूहळू ग्राफाइटवरच्या थरात अडकून पडतं, आतला रोध वाढतो. थंडी दिल्याने अडकलेलं लिथियम सुटत नाही. उलट बाहेर काढल्यावर दव धरतं आणि ते आतल्या सर्किटवर बसतं.

तुमची बॅटरी ६११ सायकलनी जितकी गेली त्याहून जास्त कायम चार्जर लावून ठेवल्याने गेली असेल. १०० टक्के भरलेला सेल ४० अंश तापमानात वर्षभर ठेवला तर क्षमता ६५ टक्क्यांच्या आसपास उरते. तोच ४० टक्के भरून २५ अंशात ठेवला तर ९६ टक्के. कोकणातला उन्हाळा, त्यात लॅपटॉपची स्वतःची ऊब, आणि चार्जर बारा महिने खुपसलेला. म्हणजे पापड वाळत घातल्यासारखंच की.

आता ६२ टक्क्यांवर काळोख का. ५७ वॉट-अवर आणि १०.८ व्होल्ट म्हणजे आत सहा सेल. दोन-दोनची जोडी, आणि अशा तीन जोड्या एकापुढे एक. करंट तिन्ही जोड्यांतून सारखाच वाहतो. एक जोडी म्हातारी झाली की ती आधी तळ गाठते. बाकी दोघींच्या पोटात भरपूर असतं, पण सर्किट सगळ्यात अशक्त जोडी बघतं आणि दार लावून घेतं. बैलगाडीचा एक बैल बसला की दुसरा कितीही ताजा असो, उपयोग काय.

---

रेवा_ठाणे | १५ जून, सकाळी ०९:३१

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: मला दुकानातल्या माणसाने 'बॅटरी तीनदा पूर्ण उतरवून भरा, कॅलिब्रेट होईल, सुधारेल' असं सांगितलं होतं. तीनदा केलं. आधी दीड तास चालत होती, नंतरही दीडच तास. मग कॅलिब्रेशन म्हणजे नक्की काय?

---

ओहम_शांती | १५ जून, सकाळी ०९:५८

रेवाताई, कॅलिब्रेशनने बॅटरी सुधारत नाही, बॅटरीचा काटा सुधारतो. स्कूटरचा पेट्रोलचा काटा दुरुस्त केला म्हणून टाकीत पेट्रोल वाढत नाही ना, तसं. आधी ४० टक्क्यांवर बंद पडत असेल तर नंतर ५ टक्क्यांवर बंद पडेल, वेळ तीच. काटा खरा बोलायला लागणं हाही फायदाच, पण 'सुधारेल' हे थापेबाजी.

---

विठोबाजवळचा | १५ जून, दुपारी ०२:१४

नमस्कार. माझं पुण्यात पासोड्या विठोबाजवळ लॅपटॉप रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. टायपिंगचा कंटाळा, पण विषय पोटापाण्याचा निघाला.

जुनंसाहेब, सेल सगळेच बघतात. बोर्ड कोणी बघत नाही. आणि पॅक चालणार की नाही हे बोर्ड ठरवतो.

लॅपटॉपचा पॅक म्हणजे टॉर्चचे सेल नव्हेत. आत एक चिप असते. ती आत किती करंट गेला, बाहेर किती आला याची वही लिहिते. मूळ क्षमता, आताची क्षमता, सायकल, सगळं तिच्या मेमरीत. लॅपटॉप तिला विचारतो, ती सांगेल ते दाखवतो. तुम्ही नवे कोरे सेल टाकले तरी वहीत ६.८ च लिहिलेलं असतं. इथवर ठीक, वही हळूहळू सुधारते. पण जोड्यांमध्ये फार फरक दिसला, किंवा एखादी ठरलेल्या व्होल्टेजच्या वर गेली, तर चिप मेमरीत 'कायमचा बिघाड' असा शिक्का मारते. काही पॅकमध्ये तीन पायांचा फ्यूज असतो, चिप तो स्वतः जाळते. मग सोन्याचे सेल टाका, पॅक उठत नाही. शिक्का पुसायला वेगळं हत्यार आणि सॉफ्टवेअर लागतं, आणि प्रत्येक चिपचा पासवर्ड मिळतोच असं नाही.

अजून एक. काही बोर्डांचे सेल सोडवताना वीज तुटली की ते लॉक होतात. म्हणजे पॅक चालू होता, सेलही चांगले टाकले, तरी प्रेत.

मी दहा पॅक आले तर सहा न उघडता परत देतो. तुमचा आज चार्ज घेतोय का, तेवढं सांगा. घेत असेल तर बोर्ड जिवंत आहे. लॅपटॉप २०१२ च्या पिढीचा असता (थिंकपॅडची टी४३०, एक्स२३० वगैरे मॉडेलं) तर आणखी एक भानगड होती. त्या मशीनचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) ओरिजिनल नसलेला पॅक ओळखून चार्जच करत नाही. २०११ वाल्यांना ती कटकट नाही. तुमच्या बोर्डात सेल बदलले तरी बोर्ड ओरिजिनलच राहतो, तो वेगळा फायदा.

---

जुनं_ते_माझं | १५ जून, रात्री ०९:२०

घेतो चार्ज. साधारण पंचवीस मिनिटांत १०० होतो आणि दहा मिनिटांत उतरतो.

---

बंबवाले_काका | १५ जून, रात्री १०:०३

मी अग्निशमन दलात २२ वर्षं काढली, आता निवृत्त. कोणाचा उत्साह मारायचा नाही, पण चार ओळी लिहितो.

सेल वाकवायचा नाही, भोसकायचा नाही, पॅक उघडताना पेचकस आत खुपसायचा नाही. आतला पडदा केसापेक्षा पातळ असतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट, आणि एका सेलची उष्णता शेजारच्याला पेटवते. २००६ मध्ये डेलला ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. सेल सोनीचे होते आणि कारण काय, तर बनवताना आत राहिलेले धातूचे बारीक कण. कारखान्यात ही गत, तर आपण जेवणाच्या टेबलावर बसून करतो त्याची काय कथा.

पेटलाच तर धूर हुंगू नका, फार विषारी असतो. उचलून नेता येत असेल तर उघड्यावर न्या आणि पाणी मारा, भरपूर. 'लिथियमवर पाणी नको' हे इथे लागू नाही, ते शुद्ध लिथियम धातूला. इथे उद्देश थंड करण्याचा, नाहीतर विझलेला सेल पुन्हा पेटतो. काम शक्यतो फरशीवर करा, गादीवर नको. शेजारी वाळूची बादली ठेवा. आणि बायकोचा विरोध आहे म्हणता, तर तिला घरात थांबू द्या, फोन करायला कोणीतरी हवं.

---

डसेलडॉर्फकर | १५ जून, रात्री ११:४०

अवांतर: आमच्याकडे सुपरमार्केटच्या दाराशी जुन्या बॅटऱ्यांचे डबे असतात, दुकानदाराला घ्याव्याच लागतात. आणि युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून हातात वागवायच्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता यायला हवी, असा नियम लागू होतोय. जुनं यांचा २०११ चा लॅपटॉप हा नियम लागू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून पाळतोय. खटका सरकवला की बॅटरी हातात.

---

फुकटचा_सल्ला | १६ जून, सकाळी ०८:१५

भारतातही बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये आलेत, उत्पादकाने जुनी परत घ्यायची वगैरे. आमच्या गल्लीत मात्र अजून भंगारवाला तागडीत तोलून नेतो.

(फ्रीझरचे शब्द मागे घेतले. आइस्क्रीमपुरता ठेवतो.)

---

जुनं_ते_माझं | २३ जून, रात्री ०८:४७

अपडेट. आठवडाभर पॅक लॅपटॉपबाहेर ठेवला, मग उघडला. दोन अर्धी कवचं चिकटवलेली असतात. कडेकडेने जुनं एटीएम कार्ड सरकवत पाऊण तास गेला. काकांच्या सल्ल्याप्रमाणे पेचकसाला हात लावला नाही.

आत सहा सेल, १८६५० च. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. जोड्यांचे व्होल्टेज ३.९४, ३.९२ आणि २.६८.

ओहमजी, तुमचा बसलेला बैल सापडला.

आता प्रश्न असा, की ही तिसरी जोडीच बदलली तर? दोन सेलमध्ये काम भागेल.

---

तांबडी_तार | २३ जून, रात्री ०९:१२

बदलायचीही गरज नाही. टीपी४०५६ चं ४० रुपयांचं चार्जिंग बोर्ड घ्या, फक्त त्या जोडीला ४.२ पर्यंत चार्ज करा, बाकीच्यांच्या बरोबरीला आणा. मी केलंय, चालतं.

---

ओहम_शांती | २३ जून, रात्री १०:३०

तांबडी_तार, किती दिवस चाललं ते सांगा.

जुनं, २.६८ म्हणजे अजून अगदी हाताबाहेर नाही. २ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून असलेल्या सेलला मी हात लावत नाही. आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलतीकडे जाऊन बसतं आणि आत शॉर्ट होतो. असा सेल 'जिवंत' करणं म्हणजे संकट पाळणं. तुमचा त्याच्या वर आहे, तेव्हा एक परीक्षा घेता येईल. ती जोडी एकटी ४.१९ पर्यंत भरा (समोर बसून, झोपताना नाही), चार्जर काढा आणि आठ दिवस नुसती ठेवा. बाकीच्या दोन जोड्याही तशाच भरून शेजारी ठेवा. मग तिन्ही मोजा.

दोनच नवे टाकण्याबद्दल: जुन्या चार सेलची क्षमता आता किती उरली आहे? निम्मी असेल तर नव्या जोडीचा अर्धा माल पोटातच राहणार आणि वर्षभरात पुन्हा हाच उद्योग. धोतराला नवं ठिगळ लावलं की ते शेजारून फाटतं.

---

तांबडी_तार | २३ जून, रात्री १०:४४

अं... तीन आठवडे. :)

---

जुनं_ते_माझं | २ जुलै, रात्री ०९:०५

आठ दिवसांनी: ४.१७, ४.१७, ३.७१. वापर शून्य. म्हणजे तिसरी जोडी बसल्या जागी गळतेय.

बाकीचे चार एका मित्राच्या टेस्टरवर लावले. मूळ २६०० मिलीअँपिअर-अवरचे, आता १३४०, १३१०, ११९०, १२६०. ठरलं, सहाच्या सहा बदलणार. सेल कुठून घ्यावेत?

---

विठोबाजवळचा | ३ जुलै, दुपारी ०१:५०

जिथून घ्याल तिथून, पण डोळे उघडे ठेवा. १८६५० मध्ये आज बहुतेक चांगले सेल साधारण ३५०० च्या आसपास किंवा आतलेच असतात. सेलवर ९९०० छापलेलं दिसलं तर दुकानदाराला राम राम करा. वजन करा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३० ग्रॅमचा आला तर आत काय भरलंय देव जाणे. जुन्या पॅकमधून काढलेल्या सेलना नवं प्लास्टिक चढवून 'नवा माल' म्हणून विकणारेही आहेत. टोकाला घासलेलं दिसलं, वेल्डिंगच्या जुन्या ठिपक्यांच्या खुणा दिसल्या, की समजायचं.

सहाही एकाच लॉटचे घ्या. २६०० चेच घ्या, ३५०० चे टाकून काही फायदा नाही, बोर्डाची वही ५७ चीच.

सगळ्यात महत्त्वाचं, पॅकवर काय छापलंय ते बघा. १०.८ किंवा ११.१ असेल तर सेल ४.२ व्होल्टचे. ११.४ छापलं असेल तर ते ४.३५ पर्यंत भरणारे असतात. त्या पॅकमध्ये साधा ४.२ वाला सेल टाकला तर बोर्ड त्याला रोज प्रमाणाबाहेर भरणार. हे न बघता सेल मारणारे मी पाहिलेत. तुमचा १०.८ आहे, काळजी नाही.

---

रेवा_ठाणे | ३ जुलै, दुपारी ०३:२२

सेल 'मारणे' हा शब्द आवडला. :)

सोल्डरने जोडायचे की काय करायचं?

---

विठोबाजवळचा | ३ जुलै, संध्याकाळी ०६:४०

ताई, सेलवर थेट सोल्डर नको. सोल्डरिंगची इस्त्री ३५० अंशाला, आतला पडदा १३० च्या आसपास वितळतो. निष्णात माणूस झटकन करतोही, पण सेलचं आयुष्य तेवढं कमी झालंच. आम्ही निकेलची पत्ती स्पॉट वेल्डिंगने मारतो. क्षणभर करंट, ठिपका बसतो, सेलला कळतही नाही. पत्तीतही फसवणूक आहे. लोखंडावर निकेलचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते. मिठाच्या पाण्यात तुकडा ठेवा, गंजला की लोखंड. आणि धन टोकावर गोल कागदी वॉशर विसरायचा नाही. त्या टोकाच्या कडेलाच ऋण बाजू असते, पत्ती दाबली गेली की शॉर्ट.

---

जुनं_ते_माझं | १२ जुलै, रात्री ११:५५

वाईट बातमी.

सेल आले. सहा, प्रत्येकी २४० रुपये. वजनं ४५ ते ४६ ग्रॅम, टेस्टरवर २४८० ते २५४०. सगळं नीट. पत्त्या मित्राकडून मारून आणल्या. मग बोर्डाच्या तारा जुन्या सेलवरून सोडवून नव्यावर लावताना हाताला घाम, बाहेर पाऊस, आणि मधली बारीक तार सुटली. दोन सेकंद. लावली परत. सगळ्या तारांवर बरोबर व्होल्टेज येतंय, पण पॅकच्या तोंडावर शून्य. लॅपटॉप म्हणतो, बॅटरी नाही.

विठोबाजवळचे, तुम्ही लिहिलं होतं. वाचलंही होतं.

---

विठोबाजवळचा | १३ जुलै, सकाळी १०:१०

होतं असं. माझे पहिले तीन पॅक असेच गेले.

बाहेरून चार्जरचं व्होल्टेज दाखवून बघा, कधीकधी बोर्ड झोपलेला असतो, मेलेला नसतो. लॅपटॉपला लावून अर्धा तास चार्जर चालू ठेवा.

---

जुनं_ते_माझं | १३ जुलै, रात्री ०८:३०

केलं. मेलेलाच आहे. फ्यूजच्या दोन टोकांमध्ये मीटर काहीच दाखवत नाही.

---

ओहम_शांती | १३ जुलै, रात्री ०९:०२

मग चिपने फ्यूज जाळला. तो बायपास करा असं व्हिडिओत दाखवतात. करू नका. तो फ्यूज म्हणजे शेवटचा दरवान. शिक्का मेमरीत आहेच, तो फ्यूजला तार लावून पुसला जात नाही, आणि दरवानही गेला.

सेल मात्र शाबूत आहेत, ते जपून ठेवा. अगदीच काही नाही जमलं तर तीन-तीनची रांग करून वायफाय राउटरला बॅकअप होईल. सेल एका पातळीत ठेवणारं (बॅलन्सवालं) संरक्षक बोर्ड हवं, आणि १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर, कारण तीन सेलची रांग १२.६ वरून ९ पर्यंत उतरते.

---

विठोबाजवळचा | १४ जुलै, दुपारी १२:२५

तुमच्याच मॉडेलचा एक मेलेला पॅक माझ्या खोक्यात आहे. बोर्ड बोलतो, सेल कचरा. पुण्याला येणं होत असेल तर सेल घेऊन या. कुरिअरने पाठवू नका, सुटे लिथियम सेल ते घेत नाहीत, आणि खोटं लिहून पाठवू नये.

---

जुनं_ते_माझं | २९ जुलै, रात्री १०:१८

जाऊन आलो. कुंभार्ली घाटात एसटी दीड तास अडकली, दरडीची माती रस्त्यावर आली होती. मांडीवर सहा सेल, टोकांना टेप, प्लास्टिकच्या डब्यात. शेजारच्या काकू विचारत होत्या, डब्यात काय, लाडू?

दादांनी जे केलं ते लिहितो, कारण मला जिथे जमलं नाही तिथेच सगळी मेख आहे. त्यांनी जुने सेल सोडवलेच नाहीत आधी. आधी प्रत्येक जुन्या जोडीचं आणि तिच्या जागी येणाऱ्या नव्या जोडीचं व्होल्टेज एका पातळीला आणलं, वीस मिलिव्होल्टच्या आत. नाहीतर जोडल्या क्षणी भरलेल्यातून रिकाम्यात करंट धावतो. मग नवा गठ्ठा बारीक तारांनी जुन्याला समांतर जोडला: आधी ऋण टोक, मग खालची जोडी, मधली, वरचं धन टोक. आता बोर्डाला दोन्हीकडून वीज. मग जुन्या पत्त्या वरून खाली अशा एकेक कापल्या. बोर्डाला कळलंच नाही की खालचं घर बदललं. त्यानंतर नव्या पत्त्या बोर्डाच्या ठिकाणांवर सोल्डर, सेलवर नाही. पिवळा उष्णतारोधक टेप. तापमान मोजणारा बारीक सेन्सर मधल्या दोन सेलच्या खोबणीत परत जिथे होता तिथेच चिकटवला. तो हवेत लोंबता सोडला तर सेल तापलेला बोर्डाला कळणार कसा?

चाळीस मिनिटं लागली. मजुरी ५०० घेतली, पॅकचे काही घेतले नाहीत, चहा पाजला.

लॅपटॉप चालू. पण क्षमता ११.४ च दाखवतोय.

---

विठोबाजवळचा | ३० जुलै, सकाळी ११:०२

तो खोक्यातल्या पॅकचा जुना आकडा. पूर्ण भरा, दोन तास तसाच ठेवा, मग बंद पडेपर्यंत उतरवा. मिंट शेवटच्या काही टक्क्यांना झोपायला जातो, ते सेटिंग बंद करा, नाहीतर बायोसच्या (सुरू होतानाच्या सेटिंगच्या) पडद्यावर ठेवून उतरवा. मध्ये चार्जर लावायचा नाही, वीज येवो वा जावो.

---

जुनं_ते_माझं | ४ ऑगस्ट, रात्री ०९:४०

विचित्र प्रकार. पहिल्या फेरीत १ टक्का दाखवत अडीच तास चालला! दुसऱ्या दिवशी क्षमता १६.९. दुसऱ्या फेरीनंतर २२.४. तिसरीनंतर २८.०. दर वेळी साडेपाचच वाढतात. काही बिघडलंय का?

---

ओहम_शांती | ४ ऑगस्ट, रात्री १०:०५

काही बिघडलेलं नाही, उलट झकास. काही चिप एका फेरीत ५१२ मिलीअँपिअर-अवरपेक्षा जास्त वाढ मान्यच करत नाहीत. ते १०.८ ने गुणा: साडेपाच. बँकेतल्या जुन्या कारकुनासारखी चिप आहे, एकदम मोठी रक्कम दिसली की विश्वास ठेवत नाही. आणखी चार-पाच फेऱ्या.

---

रेवा_ठाणे | ५ ऑगस्ट, सकाळी ०८:५०

रहस्यकथेसारखा वाचतेय हा धागा. पुढचा आकडा लवकर टाका.

---

जुनं_ते_माझं | २१ ऑगस्ट, रात्री १०:३३

दहा फेऱ्या झाल्या. ५२.६ वर थांबलाय, गेल्या दोन फेऱ्यांत हलला नाही. वाय-फाय चालू, उजेड निम्मा, लिहिणं आणि थोडं वाचन असं चार तास दहा मिनिटं चालला. चार्जिंगला हात लावून बघितलं, कोमट, गरम नाही. पहिले काही दिवस मी चार्जिंग चालू असताना खोलीतून हललो नाही, हेही सांगतो.

टीएलपी (लिनक्सवरचं बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकून ७५ ला चार्ज सुरू, ८० ला बंद असं लावून ठेवलंय. ओहमजींचे पापड आठवतात.

खर्च: सेल १४४०, मजुरी ५००, एसटी जाऊन-येऊन, आणि एक मेलेला बोर्ड. सात महिन्यांत गेलेली ती कंपॅटिबल १८०० ची होती. मेलेला बोर्ड, जुने सहा सेल आणि रिकामं कवच पिशवीत भरून ठेवलंय, इथे जवळपास कोणी रीतसर घेतं का ते शोधतोय. तागडीवाल्याला देणार नाही.

बायको आता विचारतेय, तिच्या लॅपटॉपचं करता येईल का.

---

तांबडी_तार | २१ ऑगस्ट, रात्री १०:५०

दंडवत. माझी ती ४० रुपयांची जोडी आज काढून ठेवतो.

---

नवा_गडी | ९ सप्टेंबर, दुपारी ०४:१७

आजच सभासद झालो, धागा पूर्ण वाचला. माझा पातळ लॅपटॉप आहे, बॅटरी आतमध्ये, चपटी. टचपॅड वर आल्यासारखं वाटतंय, क्लिक होत नाही. अजून दोन तास चालतो पण. विठोबाजवळचे दादा, याचे सेल बदलून मिळतील का? किती दिवस असं वापरलं तर चालेल?

---

बंबवाले_काका | ९ सप्टेंबर, दुपारी ०४:२९

एक दिवससुद्धा नाही. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, वरून दाबून टचपॅड खाली बसवायचा प्रयत्न करू नका. आत्ता.

---

विठोबाजवळचा | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ०६:०५

काका म्हणतात तसंच. ती बॅटरी फुगली आहे. आतल्या चपट्या पाकिटात वायू झालाय, तो टोचून काढायचा नसतो, तसले व्हिडिओ बघू नका. चपट्या पाकिटांचे सेल मी बदलत नाही, पूर्ण बॅटरी नवीन बसवतो. मॉडेल नंबर खालच्या बाजूला बारीक अक्षरात असेल, त्याचा फोटो पाठवा. येताना लॅपटॉप कपड्यांच्या बॅगेत कोंबू नका, हातात आणा. गुरुवारी दुकान बंद.